मधली पूर्व

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, लग्नाच्या बायकोलाही नाही, ते आता लिहून टाकतो. दत्तूचं परदेशी जाणं मी मोडलं. त्यासाठी चुगली करावी लागली नाही, निनावी पत्र पाठवावं लागलं नाही, कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. इंग्रजीचे दोन शब्द पुरले. आमच्या ओळीत तेवढं इंग्रजी येणारा मी एकटाच होतो, म्हणजे हे पाप करण्याची पात्रताही दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

आम्ही नाशिकरोडला रुळांच्या अलीकडे राहत होतो. पत्र्याच्या छपराची दहा खोल्यांची ओळ होती, पुढे सामाईक ओटा आणि टोकाला एक नळ. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे कोळशाच्या वाघिणी निघाल्या की फळीवरची पितळी भांडी आधी किणकिणायची, मग गाडीचा आवाज यायचा. आई त्यावर स्वयंपाकाची वेळ ठरवायची. शेजारच्या खोलीत गयामावशी आणि तिचा एकुलता एक मुलगा दत्तू. मावशी मूळची वणीकडची. नवरा गेल्यावर तिनं नागलीचे पापड लाटून मुलाला वाढवलं. तिच्याकडे उडदाचं घुटं शिजलं की लसणाच्या फोडणीचा वास पहिल्या खोलीपासून दहाव्या खोलीपर्यंत जायचा, आणि थोड्या वेळानं एक झाकलेली वाटी आमच्याकडे यायची. त्या वाटीतलं घुटं आणि बाजरीची भाकरी खाऊन मी बी.ए. झालो, असं म्हटलं तर आईला राग आला असता, पण त्यात फारसं खोटं नव्हतं.

बी.ए. म्हणजे इंग्रजी विषय घेऊन. इंग्रजीचा अभ्यास मी मराठीतून केला होता आणि उत्तरं गाईडातून पाठ केली होती. पण हे परीक्षकाला आणि मला एवढंच ठाऊक होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कचेरीत कारकून होते. साहेबाच्या इंग्रजीपुढे त्यांनी आयुष्यभर मान खाली घातली होती, आणि त्याचं सगळं उट्टं ते माझ्या पदवीवर काढत होते. ओळीत कुणाकडेही इंग्रजी कागद आला की अण्णा ओट्यावरून हाक मारायचे, "अरे, जरा बघ रे हे काय म्हणतायत." मग मी केस सारखे करून बाहेर यायचो. खोकल्याच्या औषधाच्या पुड्यातलं चिटोरं, तार, खताच्या पोत्यावरचा मजकूर, सगळं माझ्यापुढे यायचं. निम्मं मला कळायचं नाही. पण "माहीत नाही" म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती. ज्या घरात खायला पुरेसं नसतं, तिथे उत्तरं भरपूर असतात. मी दोन वर्षं बेकार होतो आणि त्या दोन वर्षांत एकाही प्रश्नाला मी नाही म्हटलं नाही.

दत्तू आय.टी.आय.चा वेल्डर. एकलहऱ्याला ठेकेदाराकडे कामाला होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मला "प्रोफेसर" म्हणायचा, आणि त्यात टवाळी नव्हती, हेच वाईट. एक दिवस सुट्टी टाकून तो मुंबईला गेला, कुठल्याशा एजंटापुढे दोन पाइप जोडून दाखवले आणि पास होऊन आला. परदेशी कंपनी, दोन वर्षांचा करार, जायचं मिडल ईस्टला. देशाचं नाव एजंट सांगत नव्हता. सांगितलं तर माणसं दुसऱ्या एजंटाकडे पळतात म्हणे. ठेकेदाराला वास लागला तर हातचं काम जाईल, म्हणून दत्तूनं एकलहऱ्याला कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते आईला आणि मला. तिथल्या एखाद्या इंजिनिअरला विचारलं असतं तर ही सगळी गोष्ट अर्ध्या मिनिटात संपली असती. पण घरचा बी.ए. असताना बाहेर कोण विचारतं?

खरं सांगायचं तर मला आनंद झाला नव्हता. इंग्रजीत "रिस्पेक्टेड सर" लिहून मी शंभर ठिकाणी अर्ज टाकलेले, आणि विमानात कोण बसणार, तर ज्याला सही इंग्रजीत करताना जीभ बाहेर काढावी लागते तो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच मारली असावी.

शुक्रवारी संध्याकाळी एजंटाचं पत्र आलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत मुंबईत हजर व्हा, रात्रीचं विमान. गयामावशीनं पत्र देवापुढे ठेवलं, आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघं बसनं पंचवटीत गेलो. तिथे एका गल्लीत तिचे गुरुजी होते. त्यांना विचारल्याशिवाय मावशी पापडाचं पीठही भिजवत नसे. मला बरोबर घेतलं, कारण कागद इंग्रजी होता.

गुरुजींनी पंचांग उघडलं आणि विचारलं, "कुठल्या दिशेला जायचंय?"

दत्तू म्हणाला, "आधी तर मुंबईलाच जायचंय, गुरुजी. म्हणजे पश्चिमेला."

"मुंबई ही वाट झाली. मुक्काम कुठे?"

"मिडल ईस्टला."

"ही कुठली दिशा?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात मला व्यासपीठं पुष्कळ मिळाली, पण इतका एकाग्र श्रोतृवर्ग पुन्हा मिळाला नाही. मी घसा साफ केला. "ईस्ट म्हणजे पूर्व, गुरुजी. पूर्वेचे इंग्रजीत भाग पाडलेत. त्यातला हा मधला. मिडल म्हणजे मधला. ब्रह्मदेश, सयाम, त्या अंगाला." ब्रह्मदेश आणि सयाम मी पदरचे घातले. समोरच्यांचे चेहरे बघून आणखी चेव आला, तेव्हा म्हणालो, "तिकडे सागवान फार चांगला."

"मग पूर्वच," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी बोट पानावर फिरवलं. ज्या वारी ज्या दिशेला घर सोडू नये, तो त्या दिशेचा दिशाशूळ. पूर्वेला तो शनिवारी आणि सोमवारी. "म्हणजे आज नाही. उद्या रविवार, वाराचं काही नाही, पण अमावास्या आहे. उद्या उंबरा ओलांडायचा नाही. परवा सोमवार, पुन्हा शूळ. पश्चिमेला असतं ना, तर काही अडचण नव्हती बघा. आज निघा, सोमवारी निघा, रस्ता मोकळा. पूर्वेला मात्र मंगळवारशिवाय नाही." मग दत्तूचा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, "उतारा आहे. सोमवारी आरशात तोंड बघून निघायचं."

गयामावशी पुढे सरकली. ती म्हणाली, "ह्याचे वडील सोमवारीच निघाले व्हते, येवल्याला. आरसा तुमीच सांगितला व्हता. बघितला की त्यांनी. चांगला भांग पाडून बघितला. निफाडच्या पुढं ट्रक पलटी झाला." ती कुणाला बोल लावत नव्हती. भाव सांगावा तशी सांगत होती. "मी जाऊ नको म्हणत नाय. जाऊ दे ना, लय चांगलं हाय. पर सोमवारी पूर्वेला नाय. दत्तू, तुझ्या सायबाला दुसरा वार माग."

दत्तूनं पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंककॉल लावला. एजंट म्हणाला, सोमवारी विमान आहे, एस.टी. नव्हे. येत नसाल तर यादीतला पुढचा माणूस तयार आहे.

ते दोघं घरी गेले आणि मी वाचनालयात. सत्यशोधनाचा हेतू नव्हता. संध्याकाळी ओट्यावर याच विषयावर बोलावं लागणार हे मला माहीत होतं, तेव्हा ब्रह्मदेश-सयामशेजारची आणखी दोन-चार नावं हाताशी असावीत, एवढंच. मोठा इंग्रजी नकाशासंग्रह मागून घेतला आणि कलकत्त्याच्या उजवीकडे डोळे घालून बसलो. ग्रंथपाल म्हातारे होते, चष्म्याला दोरी बांधलेली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "काय हरवलंय?"

"मिडल ईस्ट."

"मग तिकडे कुठे शोधताय? इकडे या." त्यांनी माझं बोट धरलं, नाशिकवर टेकवलं, आणि डावीकडे ओढत नेलं. मुंबई गेली, समुद्र गेला, आणि अरबस्तानावर ठळक अक्षरांत ते दोन शब्द छापलेले होते.

"हे तर पश्चिमेला आहे," मी म्हणालो.

"आपल्या पश्चिमेला. नाव ठेवणाऱ्याच्या पूर्वेला. त्याचं घर लंडनला. तिथून जवळची ती नियर ईस्ट, लांबची ती फार ईस्ट, मधली ही मिडल. आपण गल्ल्यांना नाही का म्हणत, पुढची, मधली, मागची, तसं. आपल्या दारातून मोजायची पद्धत."

"पण मग आपणही तेच का म्हणायचं? आपल्या दारातून तर ती..."

"आपण कुठे आपल्या दारात होतो, राजे? त्यांच्याच ओसरीवर होतो. ओसरीवरचा माणूस मालकाचं बघूनच उजवं-डावं सांगतो." एवढं बोलून ते दुसऱ्या कुणाला तरी बोलू नका म्हणून ओरडायला गेले.

(पुढे पस्तीस वर्षं मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. आता टीव्हीवरची मुलं एकाच बातमीत मध्यपूर्व म्हणतात, पश्चिम आशिया म्हणतात, आखातही म्हणतात. तिन्ही एकच, आणि ऐकणाऱ्याला काही वाटत नाही. पश्चिम आशिया हे शहाणपणाचं नाव. ते तेव्हा त्या पत्रात असतं, तर माझ्यासारख्यालाही कळलं असतं. पण मी त्या नावावर खापर फोडायला बसलेलो नाही. नाव ठेवणारा लंडनला होता. मी शेजारच्या खोलीत होतो.)

परत येताना बसमध्ये मी वाक्य तयार केलं होतं. "मावशी, माझं चुकलं. ते पश्चिमेला आहे." एवढंच. साधं, मराठीत. सोमवार मोकळा होता, दत्तू जाऊ शकत होता. ओळीत शिरलो तर ओट्यावर अण्णा, शेजारचे दोघंतिघं, आणि टोकाच्या खोलीतले शिंपी रफीकचाचा बसलेले. अण्णांचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता. "पंचवटीच्या गुरुजींना येईना! शेवटी आमच्यानं खुलासा केला. त्यांना म्हणाला, पूर्वेचे इंग्रजीत भाग आहेत." मला बघून म्हणाले, "आला! काय रे, किती भाग म्हणालास?"

आदल्या दिवशी कचेरीत अण्णांना साहेबानं सर्वांदेखत झापलं होतं, हे आईनं मला सकाळीच सांगितलं होतं. ही सबब मी पुष्कळ वर्षं वापरली, स्वतःशीच. वडिलांचा मान राखला, म्हणून. पण अण्णा जेवून झोपले तरी मी शेजारच्या खोलीत गेलो नाहीच. दहा पावलांवर होती.

"तीन," मी म्हणालो.

रविवारी दुपारी दत्तू स्वतः आला. अमावास्या म्हणून पापडाला सुट्टी होती. मी ओट्यावर बसून आईची बाजरी निवडत होतो. तोही समोर बसला आणि सुपात हात घालून खडे वेचायला लागला. वेल्डिंगनं भाजलेली त्याची बोटं जाड होती, खडे सुटत नव्हते.

"प्रोफेसर, एक विचारू? चिडू नको."

"विचार ना."

"ते नक्की पूर्वेलाच आहे ना रे? नाही म्हणजे, रात्रभर डोक्यात तेच आहे. पश्चिमेला असलं तर आई आत्ता उठून पेटी भरून देईल. स्वतः गाडीत बसवून देईल. तू एकदा सांग तिला. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

मी सुपाकडे बघत होतो. त्या क्षणाची मी पुढे बरीच चिरफाड केली आहे. अण्णांचा मान होता, माझी लाज होती, हे खरं. पण तळाशी जे होतं ते असं: तो गेला नाही तर बरं, असं मला वाटत होतं. तो इथेच राहिला तर माझी बेकारी एकटी पडणार नव्हती.

"नावातच पूर्व आहे, दत्तू," मी म्हणालो.

शब्द न शब्द खरा. कोर्टात हे वाक्य टिकेल. दत्तूनं मान हलवली, सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि टाकला. "तुला काय, शिकलेला माणूस. मी आपलं विचारलं," असं म्हणून तो उठला.

सोमवारी तो कामावर गेला नाही, आणि मुंबईलाही गेला नाही. मावशीनं सकाळपासून त्याच्यासाठी घुटं शिजवलं, भाकऱ्या थापल्या. लेकराला जाऊ दिलं नाही तर निदान पोटभर घालावं, असा हिशेब असावा. मुंबईच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तो दारात पाय सोडून बसला होता, ताट मांडीवर. गाडी आली, थांबली, गेली. तो खाली बघून जेवत राहिला. "आणखी वाढू का रे?" मावशी विचारत होती आणि तो "वाढ" म्हणत होता. किती वेळा वाढलं ते मी मोजलं नाही. आमच्याकडे त्या दिवशीही झाकलेली वाटी आली, आणि मी ती पुसून खाल्ली.

दोन-तीन वर्षांत मिडल ईस्ट काय असतं ते नाशिकरोडच्या शेंबड्या पोरांनाही कळलं. कुणाचा मामा गेला, कुणाचा दीर. टेपरेकॉर्डर आले, ब्लँकेटं आली, खजूर आला. रफीकचाचांचा पुतण्या गेला तेव्हा चाचा पेढे घेऊन ओळभर फिरले. गयामावशी ओट्यावर पापड वाळत घालत होती आणि मी तिथेच पेपर वाचत उभा होतो. मला तेव्हा नोकरी लागलेली होती.

"कुठशिक गेला म्हणायचा?" मावशीनं पेढा कपाळाला लावून विचारलं.

"मिडल ईस्ट, मौसी. अरबस्तान."

"त्ये तर लय लांब पूर्वेला ना?"

चाचा हसले. "पूरब कैसे, मौसी? हम नमाज किधर मुँह करके पढते? उधरीच है. पच्छिम." आणि गळ्यातल्या टेपचं एक टोक धरून त्यांनी हात लांब केला, देवळाली कॅम्पाच्या बाजूला, जिकडे रोज सूर्य बुडतो तिकडे. हा माणूस त्या शनिवारी ओट्यावर बसलेला होता. दिवसातून पाच वेळा त्या दिशेला तोंड करत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण तो बी.ए. नव्हता.

मावशीच्या हातात ओला पापड तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. "पश्चिमेला? सोमवारी तर पश्चिम मोकळी व्हती रे."

आणि मी, ज्याला त्या शनिवारी दुपारपासून सगळं माहीत होतं, तो म्हणालो, "मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं, मावशी!"

रविवारचं वाक्य निदान पळवाट होतं. हे सरळ खोटं होतं, आणि ते मी जराही न अडखळता बोललो. सरावानं सगळं जमतं.

"तुझा काय दोष, लेकरा," ती म्हणाली. "तू कागद वाचून सांगितलंस. आडवी तर मीच पडले त्याला." तिनं पापड नीट पसरला, कडा दाबल्या. त्यानंतर ती पंचवटीत गुरुजींकडे कधी गेली नाही. वार बघणंही तिनं सोडलं. लोक म्हणाले, म्हातारी सुधारली.

दत्तूचं ठेकेदाराकडचं काम संपलं, मग त्यानं सिन्नर फाट्याला ग्रिल-गेटचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. आखातातून परत आलेल्यांचे बंगले त्या भागात उठत होते आणि प्रत्येकाला कमानीचं गेट हवं होतं. ती गेटं दत्तू बनवायचा, काही नक्षीत विमानं बसवून. माझ्या घराचंही गेट त्यानंच बनवलं. ते बसवायला स्वतः आला होता, गयामावशीचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं तेव्हा. चहा पिता पिता म्हणाला, "प्रोफेसर, आपण दोघंही काय येडे होतो ना! पूर्वेला म्हणे! सयाम म्हणे!" आणि तो मनापासून हसला. मीही हसलो. मग कपाकडे बघत म्हणाला, "म्हातारीनं मात्र लय लावून घेतलं रे. शेवटच्या आजारपणात रोज तेच, मी तुझी वाट अडवली, मी तुझी वाट अडवली. मी म्हणायचो, आई, सोड ना. मला काय कमी आहे? पण खोटं कशाला बोलू, कधीकधी मला बी वाटतं, तिनं तेव्हा हट्ट केला नसता तर."

मी "हं" म्हणालो. साखर पुरे का, असं विचारलं.

दत्तू अजून आहे. दुकान मुलगा बघतो, तो दुपारी तिथे खुर्ची टाकून बसतो. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. मला त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे, की रविवारी तू विचारलंस तेव्हा मला खरं काय ते माहीत होतं, वाट मी अडवली, तुझ्या आईनं नाही. तिला ते सांगायची वेळ मी घालवली. त्याला सांगणं बाकी आहे.